खाट क्रमांक दोनवरची मोजणी

मार्च १९९८ : रुग्णालयातील व्यायामाचे दालन बंद करण्यात आले. जबाबदार : विश्वस्त मंडळ, विशेषतः तत्कालीन चिटणीस.

ऑगस्ट १९९८, एक मंगळवार, दुपारी चारच्या सुमारास : खाट क्रमांक दोनवरील रुग्णाला लेखी सूचनेपेक्षा जास्त ताण देण्यात आला. जबाबदार : यंत्रचालक.

तोच मंगळवार, तीच वेळ : रुग्णाने हाक मारली असता कोणीही आले नाही. जबाबदार : प्रस्तुत लेखक.

नोव्हेंबर १९९८ : 'रुग्णाने शिकवलेले व्यायाम केले नाहीत' हे वाक्य चौकशी अहवालात आणि तेथून रुग्णाच्या केसपेपरवर आले. जबाबदार : अहवालाखाली सही करणारे पाचजण. पाचवी सही माझी आहे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे गमतीजमती मागितल्या होत्या. "आयुष्यभर कोल्हापूरकरांच्या पाठी सरळ केल्यात, दिवाळीला काहीतरी हलकंफुलकं होऊन जाऊ दे," असे त्यांचे शब्द. गमती आहेत, आणि त्या वाटेत येतीलही. मात्र वरच्या चार नोंदी सर्वांत आधी आणि जशाच्या तशा छापाव्यात, ही अट मी त्यांना लेखी घातली. त्यांनी ती लेखी मान्य केली. दोन्ही पत्रे माझ्या फाइलीत आहेत.

रुग्णालय शाहूपुरीतले, धर्मादाय. त्याचे नाव मी वकिलांच्या सल्ल्यावरून घालत नाही. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे त्यांना ते ठाऊक आहे. तेथे निवृत्तीपर्यंत मी कमरेच्या ताणोपचाराचा विभाग सांभाळला. बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे छळाचा प्रकार वाटतो, म्हणून आधी ते नीट सांगितले पाहिजे.

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके, आणि दर दोन मणक्यांमध्ये एक मऊ गादी. ओझे उचलून, वाकून, एकाच जागी बसून ती गादी दबते, कडेने फुगते आणि शेजारून जाणाऱ्या नसेला टेकते. मग कळ कुल्ल्यातून निघून पोटरीपर्यंत उतरते आणि धडधाकट माणूस चप्पल घालताना रडतो. ताणोपचारात अशा रुग्णाला खाटेवर उताणे झोपवतात. एक पट्टा बरगड्यांना, दुसरा कमरेला. कमरेचा पट्टा दोरीने यंत्राला जोडलेला असतो. यंत्र काही क्षण ओढते, काही क्षण सैल सोडते, पुन्हा ओढते. खाटेचा खालचा भाग रुळावर सरकतो. मणके एकमेकांपासून केसभर दूर होतात आणि नसेला श्वास मिळतो.

परंतु यंत्र फक्त जागा करून देते. ती जागा राखतात ते पोटाचे आणि पाठीचे स्नायू. ते दुबळे असतील तर रुग्ण दारापर्यंत पोहोचेतो मणके पुन्हा पूर्वीच्या जागी बसलेले असतात. म्हणून ताण झाल्यावर मी कोणालाही लगेच उठू देत नसे. आधी स्वस्थ पडणे. मग पोट आत ओढून कंबर खाटेला टेकवणे. मग कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठणे. त्यानंतर शेजारच्या दालनात सतरंजीवर बाकीचे. गुडघे दुमडून कंबर उचलणे, चालत असेल त्याला पालथे झोपून कोपरांवर छाती उचलणे, ओणवे होऊन मांजरीसारखी पाठ वर घेणे आणि सोडणे. कोणाला काय झेपते ते मी आधी तपासत असे. एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरू शकते, ही गोष्ट व्यायामालाही लागू आहे.

प्रत्येक व्यायाम दहा मोजेपर्यंत धरायचा आणि मोजायचे मोठ्याने. मोठ्याने मोजणारा माणूस श्वास कोंडून धरू शकत नाही, हे एक कारण. दुसरे असे की माझी केबिन प्लायवूडच्या आडोशापलीकडे होती आणि मोजणीवरून मला आतले सगळे कळत असे. इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगतो, माणूस सातला सोडतो. सहापर्यंत निश्चय टिकतो. सातला पोट सैल पडते आणि उरलेले तीन नुसते तोंडाने होतात. म्हणून कोणाचाही सात ऐकू आला की मी केबिनमधून ओरडत असे, "सोडू नका!" आणि माणूस दहापर्यंत जात असे.

खाट क्रमांक दोन माझ्या केबिनला लागून होती. त्या खाटेभोवतीच्या पडद्याची कथा हीच संपादकांना हवी असलेली गंमत. एका तालमीचे वस्ताद कंबर धरून आले. सत्तरीचे, पण उंबऱ्यातून आडवे होऊन आत यावे लागेल असा देह. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वढा की. पर उताणा झोपणार न्हाय."

मी म्हटले, "वस्ताद, पालथे झोपून हा पट्टा बसत नाही."

"मास्तर, आवंदा सत्तर झाली. माझी पाठ जिमिनीला लागल्याली गावात कुणी बघितल्याली न्हाय. आता ह्या धा माणसांम्होरं लावू व्हय?"

पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण कण्हता कण्हता हसला. वस्तादांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याची कळ तिथेच थांबली. शेवटी मी स्वखर्चाने जाड हिरवा पडदा शिवून घेतला, खाटेभोवती लावला आणि वस्ताद त्याच्या आत चीत झाले. दीड महिन्यात बरे होऊन गेले. पडदा राहिला. त्या पडद्यामुळे पुढे एक माणूस कोणालाच दिसला नाही.

त्या माणसाचे नाव हिंदुराव चौगुले. वय सेहेचाळीस, गूळ बाजारात हमाल. पाठीवर गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, वाहून त्यांची उजवी बाजू डावीपेक्षा खाली गेली होती. पहिल्या दिवशी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मी बसायला सांगितले तर म्हणाले, "बसलो की उठायला चारजण लागत्यात, साहेब. तुमच्याकडं एवढी माणसं हाईत का?"

व्यायाम करण्यात त्यांच्यासारखा रुग्ण मी पाहिला नाही. सांगितले दहा वेळा तर दहा वेळा, न अकरा न नऊ. मोजायची त्यांची तऱ्हा मात्र वेगळी होती. ते 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. त्यांचे वडील धान्याची मापे मोजत आणि पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणण्याची त्या कामातली जुनी चाल आहे. पहिल्या दिवशी मी विचारले, तेव्हा म्हणाले, "एक म्हटलं की एकच ऱ्हातंय. लाभ म्हटलं की म्होरलं येतंय." तेव्हापासून दुपारी चारला केबिनमध्ये बसल्या बसल्या 'लाभ' ऐकू आला की हिंदुराव खाटेवर आहेत, हे मला न पाहता कळे. महिन्याभरात ते सरळ उभे राहू लागले. एकदा जाताना माझ्या टेबलावर गुळाचा खडा ठेवला. मी तो परत केला आणि रुग्णांकडून वस्तू न स्वीकारण्याचा नियम वाचून दाखवला. आज मी तो खडा घेतला असता.

आता चिटणिसांकडे वळतो. १९९८ च्या आरंभी रुग्णालयाने संगणकावर चालणारे नवे यंत्र घेतले. ते ठेवायला जागा हवी म्हणून व्यायामाचे दालन काढून घेण्याचे ठरले. मी हरकत घेतली. चिटणीस हसले. "अहो, आता संगणक आलाय. तो मोजून ओढतो. जोर-बैठका काढायला गावात तालमी कमी आहेत का?" बैठकीत सगळे हसले. मी त्याच संध्याकाळी पहिले पत्र दिले. मार्चमध्ये दालनाला कुलूप लागले. नवे यंत्र तिथे गेले आणि जुने माझ्याकडेच राहिले, पण त्यावर नवा यंत्रचालक नेमण्यात आला, सुतार नावाचे गृहस्थ. चाळिशीचे, कामसू, वाईट माणूस नव्हे. परंतु त्यांना यंत्र कळत होते, पाठ कळत नव्हती. सतरंजीवरचे व्यायाम बंद झाले. खाटेवर पडल्या पडल्या, ताण चालू असतानाही, होतील तेवढेच मी चालू ठेवले, आणि पत्रे लिहीत राहिलो.

पत्रे मी टाइपरायटरवर लिहीत असे. मूळ प्रत, कार्बन प्रत, वर जावक क्रमांक, तारीख आणि वेळसुद्धा. ही सवय मी वडिलांकडून घेतली. तोंडी बोललेले हवेत जाते, लिहिलेले कोर्टात जाते, असे ते म्हणत. ऑगस्टपर्यंत माझी दहा पत्रे गेली होती. एकाचेही उत्तर आले नव्हते.

त्या मंगळवारी मी अकरावे लिहीत होतो.

पडद्याआड खाट क्रमांक दोनवर हिंदुराव होते. ताण त्यांच्या वजनाच्या एक-तृतीयांशापर्यंत ठेवावा, असे माझ्या हस्ताक्षरातले सूचनापत्र खाटेला अडकवलेले होते. सुतारांनी यंत्राचे पुस्तक पाहून तो निम्म्यावर नेला, कारण पुस्तकात निम्मा चालतो असे होते आणि हिंदुराव 'गडी दांडगा' होते. कळ आल्यास यंत्र थांबवण्यासाठी रुग्णाच्या हातात एक बटण द्यायचे असते. ते बटण खुंटीला अडकवलेले होते. रुग्ण ते उगाच दाबतात, अशी सुतारांची तक्रार होती. यंत्र चालू करून ते चहाला गेले.

हिंदुरावांनी पोट आत ओढून मोजायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन. सातपर्यंत आले. त्या दिवशी सातला आडोशापलीकडून काही आले नाही.

मी पत्र पूर्ण केले, सही केली आणि जावक बारनिशीत, म्हणजे पत्रांच्या नोंदवहीत, चढवायला बाहेर पडलो. पडद्याजवळून जाताना सवयीने आत डोकावलो. यंत्र ओढत होते आणि सोडत होते. खाटेचा खालचा भाग सरकत होता, त्याच्याबरोबर दोन पाय पुढे जात होते, मागे येत होते. हिंदुरावांचे डोळे उघडे आणि छताला लागलेले होते. पायांच्या त्या हालचालीशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी यंत्र बंद केले. पाय थांबले.

"साहेब, हाईसा व्हय?" ते अगदी हळू म्हणाले. "मला वाटलं, गेलासा."

"काय होतंय?"

"कळ गेली बघा. समदी गेली." मग म्हणाले, "पर कंबरंखाली दुसराच कोणतरी झोपलाय."

या धंद्यात कळ एकाएकी नाहीशी होते तेव्हा घाबरायचे असते. बसायची जागा बधिर, पाऊल उचलत नाही, लघवीची जाणीव नाही. गादी फुटून नसांच्या संपूर्ण जुडग्यावर बसली, की असे होते. मग प्रश्न तासांचा असतो. दुसऱ्या रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, ती दुसऱ्या दिवशी रात्री. उशीर झाला होता. पाय गेले आणि लघवीवरचा ताबाही गेला.

चौकशी समिती बसली. यंत्र निर्दोष होते. सुतार पुस्तकाप्रमाणे वागले होते. मग कोणाचे तरी चुकले असायला हवे होते, आणि समितीपुढे हजर नसलेला एकच माणूस होता. अहवालात वाक्य आले : 'रुग्णाने शिकवलेले व्यायाम केले नाहीत, परिणामी स्नायू दुर्बल राहून इजा झाली.' ज्यांनी व्यायामाचे दालन बंद केले त्यांनीच हे लिहिले, ही गोष्ट नोंदवून ठेवतो. मला विचारण्यात आले की, हाक ऐकू आली होती काय. मी उत्तर दिले, "केबिनचे दार बंद होते. ऐकू आली नाही." विभागप्रमुख म्हणून सही करताना खाली 'विरोध नोंदवून' असे दोन शब्द लिहिले. कायद्याला ते पुरतात. हिंदुरावांना पुरले नाहीत.

यापुढचे लिहिताना एक खुलासा आवश्यक आहे. आमच्या घरात छप्पन्न सालानंतर उतारा, अंगारा, गंडादोरा यांना थारा उरला नाही. वडिलांनी बुद्ध स्वीकारला तो विचार करून, आणि विचार करायला आम्हांलाही शिकवले. भूतखेत मी मानत नाही. पुढे दिले आहे ते मी ज्या क्रमाने पाहिले त्या क्रमाने, साक्ष म्हणून देतो. निष्कर्ष देत नाही, कारण माझ्याजवळ नाही.

दोनेक वर्षांनी राधानगरीकडच्या एक शिक्षिका खाट क्रमांक दोनवर होत्या. दुपारचे चार. यंत्राच्या तालावर रुग्णाला गुंगी येते, तशी त्यांना आली होती. मी केबिनमध्ये होतो. पडद्यामागून बाईंचा आवाज आला, संथ आणि एका लयीत : "लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात."

आणि थांबला.

मी बाहेर आलो. बाईंचे डोळे मिटलेले होते. मान मात्र माझ्या केबिनच्या आडोशाकडे वळलेली होती, पलीकडून कोणी बोलावे म्हणून कान दिल्यासारखी. मी यंत्र थांबवून त्यांना जागे केले.

"बाई, तुमच्या घरी धान्याचा व्यवहार आहे का?"

"नाही हो. वडील पोस्टात होते. का?"

"तुम्ही आत्ता मोजत होतात."

"मी? डोळा लागला होता माझा. काय मोजत होते?"

मी सांगितले नाही. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू नयेत.

नवे लोक येत आणि जात राहिले. वर्षाला एखादेवेळी, कधी दोनदा, तेच होई. खाट दोनच, वेळ चारच, मोजणी सातपर्यंत आणि मान आडोशाकडे. मी प्रत्येकाचे गाव, धंदा आणि हिंदुरावांशी ओळख आहे काय ते टिपून ठेवले. ओळख कोणाचीच नव्हती. खाटेची जागा बदलून पाहिली, तर रुग्णाची मान नव्या जागेवरूनही केबिनकडेच वळली. एके सकाळी यंत्राला लिंबू आणि मिरच्या बांधलेल्या दिसल्या. मी सुतारांना लेखी समज दिली. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "सर, लिंबू काढतो. पण चार वाजता दोन नंबरवर पेशंट झोपवायला मला सांगू नका. मीबी ऐकलंय." ते ओरडून म्हणाले असते तर मी वाद घातला असता. ते हळू म्हणाले.

२००४ मध्ये कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला एक कामगार आला. लेथवर उभा राहून कंबर गेलेला, मोठ्या आवाजाचा, थट्टेखोर. उपचार संपल्यावर पट्टे सोडत असताना त्याने मला विचारले, "पलीकडं कोण टायपिंग करतंय ओ?"

"कुठे?"

"ह्या फळीमागं. टकटक टकटक. मी हाक मारली दोनदा, साहेब म्हणून. गडी उठतोय कुठला! टकटक चालूच. कान हाईत का न्हाईत त्याला?"

माझ्या केबिनमध्ये त्या वेळी टाइपरायटर नव्हता. रुग्णालयात संगणक आल्यावर मी तो घरी नेला होता आणि माळ्यावर कापडात बांधून ठेवला होता. मी त्याला कुशीवर वळवून, हाताचा आधार देऊन उठवले.

त्याच आठवड्यात हिंदुरावांच्या पत्नी शेवंताबाई रुग्णालयात आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर होता. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, ह्यात लिवलंय की माझ्या मालकानं व्यायाम केला न्हाय. पुतण्यानं वाचून दाखिवलं. खरं हाय?"

"नाही."

"मग लिवलं का?"

मी समितीची कार्यपद्धती सांगू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवले.

"ते नगा सांगू. पाय गेलं ते गेलं. नशीब म्हटलं, गप बसलो. पर दीर रोज दारात यून बोलतोय, 'आळशी, हात-पाय हालिवलं असतंस तर पायावर असतास.' आधी हे भांडायचे. आता भांडत न्हाईत. आता मलाच इच्यारत्यात, 'शेवंता, मी करत हुतो न्हवं?' रोज इच्यारत्यात. तुमी समोर हुतासा. तुमी येऊन सांगा. न्हायतर ते वाक्य खोडून आणा."

ते वाक्य खोडण्याचा अधिकार मला नव्हता. त्यासाठी मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग मी त्यांच्या घरी गेलो. जायला सहा वर्षे लागली, ते घर रुग्णालयापासून दहा मिनिटांच्या चालीवर असताना.

बाजारामागच्या बोळात शेवटची खोली. मी दाराशी पोहोचलो तेव्हा चार वाजत होते. आतून आवाज आला आणि माझा पाय उंबऱ्यातच राहिला.

"लाभ. दोन. तीन."

हिंदुराव पलंगावर उताणे होते. पोट आत ओढलेले, मानेच्या शिरा ताठ. पाय गोधडीखाली स्वस्थ पडलेले. बोळात ऐकू जावे इतक्या मोठ्याने मोजत होते. सातपर्यंत आले आणि थांबले. वाट पाहिली. मग पुन्हा लाभपासून.

शेवंताबाई दाराशी आल्या. "रोज हेच. गल्लीनं ऐकावं म्हणून वरडत्यात. सगळ्यांस्नी ठावं हाय."

हिंदुरावांनी मला ओळखले. तक्रार केली नाही. मला ती ऐकायची होती आणि त्यांनी केली नाही.

मी विचारले, "हिंदुराव, दहापर्यंत का जात नाही?"

"सातला थांबतोय जरा. तुमी सोडू नका म्हणता का बघतोय." ते किंचित हसले. "त्या दिशीबी थांबलो हुतो. तुमची मिशन चालू हुती पलीकडं, टकटक. म्हटलं, साहेब हाईत, भ्या न्हाय. हाक मारली. मग म्हटलं, कामात असतील, हुईल त्यांचं."

मी त्या बोळातून परत चालत आलो ते मला आठवत नाही.

तरीही दोन वर्षे मी स्वतःशी खोटे बोलत राहिलो. दार बंद होते, प्लायवूड जाड होते, टाइपरायटरचा आवाज मोठा होता. २००६ मध्ये निवृत्तीच्या दिवशी, दुपारी चारला, मी स्थळपाहणी केली. सुतारांना माझ्या केबिनमध्ये बसवले, दार लावायला सांगितले आणि नेहमीच्या आवाजात काहीही वाचत राहा असे सांगितले. मग खाट क्रमांक दोनवर उताणा झोपलो, पडदा ओढून घेतला.

सुतार वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचत होते. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. पान उलटलेले ऐकू आले. खुर्ची करकरली ती ऐकू आली. मधे ते थांबले, तेव्हा त्यांचा श्वास ऐकू आला. तो आडोसा आवाजाला अडवत नव्हता, आणि एका बाजूने जे जाते ते दुसऱ्या बाजूने येतेच. बाकी तिथे काही नव्हते. कोणी मोजले नाही, कोणी टाइप केले नाही. तिथे पडल्या पडल्या मला तो मंगळवार स्पष्ट आठवला, आणि जो मला नेहमीच आठवत होता तो मी पहिल्यांदा कबूल केला.

मला हाक ऐकू आली होती.

'साहेब' अशी एकदा. थोड्या वेळाने पुन्हा. व्यायामाअभावी रुग्णांच्या जिवाला धोका संभवतो, हे वाक्य मी त्या क्षणी टाइप करत होतो. परिच्छेद पूर्ण करून उठावे, असे माझ्या मनात आले. मी तो पूर्ण केला. त्यानंतर आणखी एक लिहिला. माझ्या अकराव्या पत्राच्या कार्बन प्रतीवर वेळ आहे. मीच घातली आहे. ती चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होते आणि चार वाजून पस्तीस मिनिटांनी संपते. या पंचवीस मिनिटांचा माझ्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्याच फाइलीत, माझ्याच सहीने आहे.

चौकशी समितीपुढील माझे विधान असत्य होते. ते मी येथे मागे घेतो. जी शिक्षा लागू असेल ती लागू करावी. हा लेख कबुलीजबाब म्हणून वापरण्यास माझी हरकत नाही.

माझे झाले. आता तुमचे.

तत्कालीन चिटणीस, आपण हयात आहात, रोज सकाळी फिरायला जाता, आपली कंबर उत्तम आहे. अहवालाखाली सही करणाऱ्या उरलेल्या तिघा सभासदांनो, आपणही ऐकावे. 'रुग्णाने शिकवलेले व्यायाम केले नाहीत' या वाक्याला आपल्याकडे कोणता पुरावा होता? कोणी पाहिले? कोणी सांगितले? मी रोज ऐकत होतो, मला का विचारले नाही? आणि पुरावा नसेल तर ते वाक्य आजवर कागदावर का आहे?

मला खासगी पत्र नको. वकिलामार्फत नोटीस पाठवायची असेल तर अवश्य पाठवा, पण ती उत्तर म्हणून धरली जाणार नाही. शाहूपुरीत बाजारामागच्या बोळात शेवटच्या खोलीसमोर उभे राहायला पुरेशी जागा आहे, मी पाहून आलो आहे. दिवसाढवळ्या, हिंदुरावांचे भाऊ आणि शेजारी हजर असताना, ते वाक्य खोडलेला केसपेपर घेऊन तिथे या. किंवा ते खरे आहे, असे तिथेच उभे राहून सांगा. मी समोर असेन.

लेखी उत्तर मात्र चालणार नाही. हिंदुराव चौगुले यांना वाचता येत नाही. जे काही सांगायचे ते त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे लागेल.